तिकिटावर एक नाव, दारावर दुसरे: अमेरिकेतील प्रादेशिक विमानसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील लहान किंवा मध्यम शहरातून विमानाने निघणाऱ्या प्रवाशाचे तिकीट बहुधा डेल्टा, युनायटेड किंवा अमेरिकन यांपैकी एका कंपनीचे असते. विमानाच्या शेपटीवर त्याच कंपनीचे रंग असतात, कर्मचारी त्याच कंपनीच्या नावाने स्वागत करतात, आणि तरीही ते विमान उडवणारी कंपनी अनेकदा वेगळीच असते. पुढच्या दाराजवळ बारीक अक्षरांत स्कायवेस्ट, रिपब्लिक, एंडेव्हर, एन्व्हॉय, पीएसए किंवा गोजेट असे नाव लिहिलेले असते आणि बोर्डिंगच्या रांगेतील फार थोड्या माणसांचे तिकडे लक्ष जाते. मी कामानिमित्त गेली नऊ वर्षे महिन्यातून साधारण दोनदा अशा विमानांनी एका लहान शहरातून मोठ्या हबपर्यंत, म्हणजे जेथे विमान बदलायचे त्या कंपनीच्या मुख्य विमानतळापर्यंत, आणि तेथून पुढे प्रवास करतो आहे. या सेवेबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मात्र आसन कसे आहे, बॅग कोठे ठेवावी लागते आणि विमान वेळेवर सुटते का, एवढेच लिहिले तर ते परीक्षण अर्धवट राहील असे मला वाटते, कारण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे विमानात बसण्याच्या कितीतरी वर्षे आधी कागदावर ठरलेली असतात.

त्यातील पहिला कागद म्हणजे मुख्य कंपनी आणि प्रादेशिक कंपनी यांच्यातील क्षमता-खरेदी करार. या करारान्वये मुख्य कंपनी प्रादेशिक कंपनीची विमाने, वैमानिक आणि केबिन कर्मचारी ठरावीक वर्षांसाठी जणू घाऊक घेते. विमान कोणत्या शहरातून किती वाजता निघेल, तिकीट कितीला विकले जाईल आणि एखादा मार्ग चालू राहील की बंद होईल, हे सारे मुख्य कंपनी ठरवते. तिकिटांचे पैसे तिच्याकडे जमा होतात आणि इंधनाचा खर्चही सहसा तीच सोसते. प्रादेशिक कंपनीला प्रत्येक उड्डाणामागे, गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतच्या प्रत्येक तासामागे आणि ताफ्यातील प्रत्येक विमानामागे ठरलेली रक्कम मिळते, आणि उड्डाणे पार पाडण्याचे व वेळ पाळण्याचे प्रमाण पाहून तीत थोडी भर किंवा कपात होते. विमान गच्च भरले काय किंवा निम्मे रिकामे गेले काय, तिच्या मिळकतीत फारसा फरक पडत नाही. भाडे वाटून घेण्याचे आणि तोट्याची जोखीम प्रादेशिक कंपनीनेच उचलण्याचे करारही असतात आणि स्कायवेस्टसारखी कंपनी काही मार्ग तसे चालवते, पण आज प्रवाशाला भेटणारी बहुतेक उड्डाणे पहिल्या प्रकारची आहेत.

दुसरा कागद प्रादेशिक कंपनीच्या सहीचा नसतोच. मुख्य कंपनी आणि तिच्या स्वतःच्या वैमानिकांची संघटना यांच्यातील सेवाकरारात एक कलम असते, त्याला या व्यवसायात स्कोप क्लॉज म्हणतात. मुख्य कंपनीच्या नावाने बाहेरच्या कंपनीला किती मोठी आणि किती विमाने उडवता येतील, याची मर्यादा त्यात घातलेली असते. तिन्ही मोठ्या कंपन्यांत ही मर्यादा आज ७६ आसने आणि ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन, उड्डाणवजन अशी आहे, आणि मोठ्या आकाराच्या प्रादेशिक विमानांच्या संख्येवरही बंधन आहे. या कलमाला अनेकजण वैमानिकांचा हट्ट म्हणतात. मला ते पटत नाही. १९९३ मध्ये सिनसिनाटीच्या कॉमएअर कंपनीने बॉम्बार्डियरची ५० आसनी जेट विमाने अमेरिकेत प्रथम वापरात आणली. पुढच्या दशकात मुख्य कंपन्यांची लहान जेट विमाने ज्या मार्गांवर उडत होती, त्यांतले बरेच मार्ग कमी पगाराच्या वैमानिकांकडे गेले. आपले काम असे तुकड्यातुकड्याने बाहेर जात असताना जो कोणी सहीसाठी बसेल, तो मर्यादा मागणारच. मात्र त्या मर्यादेची किंमत प्रवाशाच्या गुडघ्यांना आणि खांद्यांना मोजावी लागते, हेही तितकेच खरे आहे.

आता विमानांकडे वळतो. बॉम्बार्डियरचे ५० आसनी सीआरजे-२०० हे विमान चॅलेंजर नावाच्या खासगी जेटची नळी लांबवून बनवलेले आहे, आणि आत पाऊल टाकताच ते जाणवते. मधल्या वाटेत छताची उंची १.८५ मीटर आहे, म्हणजे सहा फुटांपेक्षा जेमतेम इंचभर जास्त. खिडक्या इतक्या खाली आहेत की बाहेर पाहायचे तर मान वाकवून कमरेपर्यंत झुकावे लागते. दीड तासाच्या प्रवासानंतर माझी मान दोन दिवस दुखली आहे. डोक्यावरच्या कप्प्यात चाकांची बॅग मावत नाही, म्हणून ती विमानाच्या पायऱ्यांशी द्यावी लागते आणि उतरल्यावर विमान आणि इमारत जोडणाऱ्या बोळातल्या थंडीत किंवा उकाड्यात उभे राहून परत घ्यावी लागते. पुढच्या विमानाची जोडणी चाळीस मिनिटांची असेल तर त्यातली दहा मिनिटे येथेच खर्च होतात. पहिला वर्ग नसतो. या विमानाचे उत्पादन २००६ मध्येच थांबले, म्हणजे ज्या विमानात आपण बसतो ते वीस वर्षांच्या आसपासचे असते. आसनामागे इंधन जास्त लागते, देखभाल वाढत जाते, आणि तरीही ती उडत राहिली. हप्ते फिटलेले, स्वस्त आणि करारातल्या ५० आसनांच्या रकान्यात चपखल बसणारे असे दुसरे विमान बाजारात नाही, हे त्याचे कारण. आसनांची रचना एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन अशी असलेले एम्ब्राएरचे ईआरजे-१४५ हे याच वयाचे भावंड आहे. एकट्याने प्रवास करणाऱ्याने त्यात डावीकडचे एकटे आसन निवडावे. खिडकी आणि वाट दोन्ही एकाच आसनाला मिळतात.

एम्ब्राएरचे ई-१७५ हे मात्र आनंदाने शिफारस करण्यासारखे विमान आहे. छत दोन मीटर उंच, आसने दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे मधले आसन कोणाच्याच वाट्याला येत नाही. खिडक्या मोठ्या आणि डोळ्यांच्या पातळीवर. नेहमीच्या मापाची चाकांची बॅग वरच्या कप्प्यात जाते. ७६ आसनांच्या रचनेत पुढची १२ पहिल्या वर्गाची असतात. लांबच्या प्रवासात बोइंग किंवा एअरबसच्या मधल्या आसनात अडकण्यापेक्षा दोन-अडीच तासांसाठी मी हेच विमान निवडेन. प्रादेशिक विमान म्हणजे दुय्यम अनुभव, ही समजूत या एका विमानाने माझ्यापुरती मोडली. तरीही करार येथेही दिसतो. काही ई-१७५ विमानांत ७६ ऐवजी ७०च आसने आहेत. विमान तेच, इंजिन तेच, पण ७६ आसनी विमानांचा ठरलेला आकडा संपलेला असतो आणि ७० आसनींचा शिल्लक असतो, म्हणून सहा आसने बसवलेलीच नसतात. ज्या ओळीत पाय थोडे अधिक पसरता येतात, तेथे बसलेल्या माणसाने हे सुख कोणाच्या वाटाघाटीतून आले, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच तर्काचे टोक म्हणजे सीआरजे-५५०. युनायटेडने २०१९ मध्ये ते जाहीर केले आणि गोजेट कंपनीने प्रथम उडवले. मुळात हे ७० आसनांच्या घरातले सीआरजे-७०० विमान आहे. त्यातली आसने काढून ५० ठेवली, कागदोपत्री उड्डाणवजन ७५,००० पौंडांवरून ६५,००० पौंडांवर आणले, म्हणजे ते करारातल्या लहान विमानांच्या गटात जाऊन बसले. जी जागा उरली तेथे सामानाची कपाटे आणि खाऊ-पेयांचे स्वतः घेण्याचे टेबल आले. १० आसने पहिल्या वर्गाची, २० जास्त जागेची, २० साधी. प्रवासी म्हणून मला हे अमेरिकेतले सर्वांत सोईचे लहान विमान वाटले. बॅग कपाटात स्वतः ठेवता येते, पायऱ्यांशी कोणाला थांबावे लागत नाही, आणि उतरताना गर्दी होत नाही. पण ७० माणसांना नेऊ शकणारे यंत्र ५० माणसांना घेऊन उडते तेव्हा दर माणशी जळणारे इंधन वाढते, आणि तो खर्च भाड्यात कोठेतरी येतोच. आसन उत्तम आहे आणि ते देण्याचा मार्ग उधळपट्टीचा आहे. माझे या विमानाबद्दलचे मत या दोन्ही गोष्टींसह आहे.

नवी विमाने का येत नाहीत, असे माझ्या शेजारच्या प्रवाशाने एकदा विचारले होते, आणि त्याचे उत्तर या सेवेच्या भवितव्याशी थेट जोडलेले आहे. एम्ब्राएरने ई-१७५ची नवी पिढी, ई-१७५-ई२, बनवली. नवे पंख, प्रॅट अँड व्हिटनीचे कमी इंधन खाणारे इंजिन, आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिले उड्डाण. स्कायवेस्टने तर २०१३ मध्येच अशा १०० विमानांची मागणी नोंदवली होती. परंतु नवी इंजिने जड असतात, आणि हे विमान ४४ टनांच्या वर गेले. ३९ टनांची मर्यादा पुढे कधीतरी सैल होईल या आशेवर सारे गणित मांडलेले होते. ती सैल झाली नाही, आणि २०२२ मध्ये एम्ब्राएरने विकासाचे काम थांबवले. जपानच्या मित्सुबिशीने आपले प्रादेशिक जेट २०१५ मध्ये आकाशात नेले, पण ९० आसनांचे ते विमानही अमेरिकेतल्या या चौकटीत बसत नव्हते. मर्यादेत बसेल असे लहान रूप काढण्याची घोषणा झाली, खर्च आणि विलंब वाढत गेला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सारा प्रकल्पच गुंडाळला गेला. सीआरजे मालिकेचे उत्पादनही २०२१च्या सुरुवातीला संपले. परिणामी आज ७६ आसनांचे नवे विमान हवे असेल तर जुन्या पिढीचे ई-१७५ हा एकच पर्याय उरतो. ज्या विमानाची मी वर एवढी स्तुती केली, त्याचा आराखडा या शतकाच्या पहिल्या दशकातला आहे. जगातील इतर प्रवासी कमी आवाजाच्या, कमी इंधनाच्या विमानांत बसत असताना अमेरिकेतला प्रादेशिक ताफा वजनाच्या एका आकड्यापाशी थांबला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सेवेतली माणसे ही या व्यवस्थेतली सर्वांत चांगली बाजू आहे. ५० आसनी विमानात एकच केबिन कर्मचारी असतो किंवा असते, आणि तासाभराच्या उड्डाणात सुरक्षेच्या सूचना, पाणी, कॉफी, आजारी प्रवासी आणि रडणारे मूल हे सारे एकाच माणसाला पाहावे लागते. मला या नऊ वर्षांत उर्मट वागणूक एकदाही मिळाली नाही. वैमानिक बहुधा तरुण असतात, विलंबाचे कारण स्वतः सांगतात, आणि काही वेळा दारात उभे राहून प्रवाशांचा निरोप घेतात. वैमानिकांच्या कौशल्याबद्दल शंका घेणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले आणि ५० माणसे मृत्युमुखी पडली. तिकिटे कॉन्टिनेन्टल या मोठ्या कंपनीच्या नावाची होती. मृतांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे २०१० मध्ये कायदा झाला, आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या अनुभवाची अट लागू झाली; लष्करी वैमानिक आणि ठरावीक पदवीधर यांना ती कमी तासांची आहे. त्या विमानातील दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा जास्त तास होते, त्यामुळे या आकड्याबद्दलचा वाद अजून चालू आहे, पण थकवा आणि प्रशिक्षण यांविषयी त्यानंतर आलेल्या नियमांचा फायदा आजचा प्रत्येक प्रवासी घेतो. त्याच कायद्याने तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांना आणखी एक बंधन घातले: उड्डाण प्रत्यक्षात कोण चालवणार, हे शोधाच्या पहिल्याच पानावर दाखवले पाहिजे. ती ओळ वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

माझी तक्रार वेळेबद्दल आहे, आणि ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. दोन हिवाळ्यांपूर्वी सकाळी सहाचे माझे विमान गेटला उभे होते, वैमानिक आणि कर्मचारी आलेले होते, आमच्या शहरात आकाश निरभ्र होते, आणि तरीही पावणेसहाला उड्डाण रद्द झाले. हबमध्ये बर्फ पडत होता. गेटवरच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की निर्णय त्यांच्या कंपनीचा नाही. वरून आला आहे. मागाहून मी याबद्दल वाचले तेव्हा कारण उलगडले. हवामानामुळे एखाद्या विमानतळाची क्षमता घटली की तासाला ठरावीक विमानेच उतरू दिली जातात, आणि प्रत्येक मुख्य कंपनीच्या वाट्याला उतरण्याच्या काही वेळा येतात. त्या वाट्यात तिच्या नावाने उडणारी प्रादेशिक विमानेही धरलेली असतात, आणि कोणत्या वेळी कोणते विमान उतरवायचे हे तीच ठरवते. पन्नास माणसांचे विमान रद्द करून ती वेळ पावणेदोनशे माणसांच्या विमानाला दिली तर कमी माणसांची गैरसोय होते. हा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र लहान शहरात राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा हिशेब दर वेळी उलटाच येतो, कारण त्याच्याकडे मोठे विमान येतच नाही.

खरा त्रास पुढे झाला. मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे आसन मिळाले. विमान चालवणाऱ्या कंपनीला फोन केला, तर तिकीट आम्ही विकलेले नाही असे उत्तर आले. तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने सुरुवातीला सांगितले की हे उड्डाण दुसरी कंपनी चालवते. अर्धा दिवस मी दोन नावांच्या मध्ये उभा होतो. ज्या कंपनीने निर्णय घेतला, पैसे घेतले आणि विमानाला आपले रंग दिले, तिनेच पहिल्या वाक्यात जबाबदारी घ्यायला हवी होती. दोन्ही कंपन्यांची नावे मी येथे देत नाही, कारण हा दोष एका नावाचा नसून साऱ्या रचनेचा आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१८ पासून वक्तशीरपणाचे आकडे दोन प्रकारे मांडायला सुरुवात केली आहे: विमान चालवणाऱ्या कंपनीनुसार, आणि ज्या नावाने तिकीट विकले त्या कंपनीनुसार. मुख्य कंपनीची एकूण कामगिरी पाहायची असेल तर दुसरा तक्ता पाहावा; पहिल्या तक्त्यात तिची फक्त स्वतःची मोठी विमाने दिसतात.

करार संपतो तेव्हा प्रादेशिक कंपनीचे काय होते, हे प्रवाशाला सहसा कळतही नाही. रंग तेच राहतात आणि दाराजवळचे नाव बदलते. वर उल्लेख केलेली कॉमएअर डेल्टाच्याच मालकीची झाली होती. ५० आसनी विमाने महाग पडू लागली तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये डेल्टाने कॉमएअर बंद केली. त्याच वर्षी डेल्टाने आपल्या वैमानिकांशी केलेल्या करारात ७६ आसनी विमानांची संख्या वाढवून घेतली आणि त्या बदल्यात ५० आसनींची घटवली, तसेच ८८ बोइंग ७१७ विमाने स्वतःच्या वैमानिकांसाठी आणली. प्रवाशांच्या बाजूने पाहता मला हा अलीकडचा सर्वांत चांगला करार वाटतो. अटलांटिक कोस्ट एअरलाइन्सने २००४ मध्ये युनायटेडची साथ सोडून त्याच ५० आसनी विमानांवर इंडिपेंडन्स एअर हे स्वतःचे नाव लावून पाहिले आणि जानेवारी २००६ मध्ये ते संपले. एक्स्प्रेसजेटनेही २००७-०८ मध्ये स्वतःच्या नावाने उडण्याचा प्रयत्न केला. पुढे २०२० मध्ये युनायटेडने आपली ईआरजे-१४५ विमाने कम्यूटएअर या दुसऱ्या प्रादेशिक कंपनीकडे सोपवायचे ठरवले आणि काही आठवड्यांत एक्स्प्रेसजेटचे युनायटेडसाठीचे काम थांबले. इतक्या लहान विमानाला स्वतःच्या तिकीटविक्रीवर पोसणे जमत नाही आणि दुसऱ्याच्या करारावर जगताना आपल्या ताफ्याचा निर्णय आपल्या हातात राहत नाही, या पेचातून मला तरी एकही कंपनी नीट सुटलेली दिसत नाही. स्कायवेस्ट त्यातल्या त्यात सुरक्षित आहे, कारण ती डेल्टा, युनायटेड, अमेरिकन आणि अलास्का या चौघांसाठी उडते.

अलीकडचा पेच वैमानिकांच्या तुटवड्याचा आहे. महामारीनंतर मुख्य कंपन्यांनी प्रादेशिक कंपन्यांतून वैमानिक भराभर घेतले. जून २०२२ मध्ये अमेरिकनने आपल्या मालकीच्या एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट या तीन कंपन्यांत पगार एकदम वाढवले, सहवैमानिकाला सुरुवातीलाच तासाला ९० डॉलर मिळू लागले. ज्यांचे करार जुन्या दरांवर बांधलेले होते, त्या स्वतंत्र कंपन्यांना एवढा पगार द्यायला पैसा कोठून आणायचा हा प्रश्न पडला. त्यांतल्या मेसा या कंपनीने अमेरिकनचे काम सोडून युनायटेडचा आधार घेतला, आणि २०२५ मध्ये ती रिपब्लिकमध्ये विलीन झाली. त्याआधी मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने सरकारी अनुदानावर चालणारी २९ लहान शहरांची सेवा सोडण्याची सूचना दिली होती. विमाने उभी होती, उडवायला माणसे नव्हती. वैमानिकांना रास्त पगार मिळाला याचा मला आनंद आहे. तो आधीच्या करारांत धरलेला नव्हता, म्हणून त्याचा बोजा सर्वांत दूरच्या शहरांवर पडला.

ही सेवा घेणाऱ्यांना माझ्या अनुभवावरून काही सांगतो. तिकीट घेताना विमानाचा प्रकार पाहा. त्याच मार्गावर, त्याच भाड्यात, एका वेळी सीआरजे-२०० आणि दुसऱ्या वेळी ई-१७५ असू शकते, आणि त्या दोन प्रवासांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवसातले पहिले उड्डाण घ्या. विमान रात्रीच येऊन उभे असते, त्यामुळे मागच्या विलंबाची साखळी त्याला लागत नाही. हबमध्ये दीड तासापेक्षा कमी वेळाची जोडणी घेऊ नका, विशेषतः हिवाळ्यात. औषधे, चष्मा आणि महत्त्वाची कागदपत्रे पायऱ्यांशी द्यायच्या बॅगेत कधीही ठेवू नका. उड्डाण रद्द झाले आणि पर्यायी आसन नको असेल, तर पूर्ण परताव्याचा हक्क आहे आणि तो तिकीट विकणाऱ्या कंपनीकडेच मागायचा. दाराजवळचे नाव वेगळे आहे या सबबीवर फोन ठेवू देऊ नका. माझ्या शहरातून हबला जाणारी सकाळची फेरी गेल्या वर्षीपासून ई-१७५ने होते. मी अजून तीच घेतो, खिडकीशी बसतो, आणि चढताना दाराजवळची बारीक अक्षरे वाचतो.